नागपूरहून लडाख: आधी सायकल, मग मारखा खोरं, शेवटी खारदुंग ला

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे आणि लेह ३,५०० मीटरवर. दिल्लीहून सुटलेलं विमान दीड तासाच्या आत लेहला उतरवतं, पण शरीराला तिथल्या विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६५ टक्के असतो, खारदुंग ला खिंडीत तो निम्म्यावर येतो. सायकल आणि ट्रेक एकाच सुट्टीत बसवताना सगळं क्रमावर अवलंबून असतं. तीच ठिकाणं, तेच अंतर, तीच माणसं. क्रम बरोबर असेल तर सुट्टी मजेत जाते आणि चुकला तर तिसऱ्या दिवशी लेहच्या सोनम नोरबू रुग्णालयात ऑक्सिजनवर झोपायची वेळ येते.

आम्ही सुचवतो तो क्रम असा: दोन दिवस पूर्ण आराम, तीन दिवस सिंधू आणि झंस्कारच्या काठाने सपाटीची सायकल, सहा दिवस मारखा खोऱ्यात पायी, एक दिवस विश्रांती, मग खारदुंग ला सायकलने. एक दिवस राखीव. लेहमध्ये उतरल्यापासून परतीच्या विमानापर्यंत १५ दिवस, नागपूरहून धरले तर १८.

कधी जायचं

मारखाचा हंगाम जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जुलैत बर्फ वितळून मारखा नदीला पाणी जास्त असतं आणि ती पायी ओलांडावी लागते. म्हणून २० ऑगस्ट ते १५ सप्टेंबर हा काळ आम्हाला सगळ्यात बरा वाटतो: पाणी उतरलेलं, आकाश बहुधा मोकळं, आणि थंडी अजून सोसवेल अशी. नागपूरकरांना याचा आणखी एक फायदा आहे. नवतप्याच्या उन्हात सराव करावा लागत नाही. जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत पावसाळ्यातली गार हवा सरावाला मिळते. अडचण एवढीच की पोळा, मारबत आणि गणपती याच दिवसांत येतात. तारखा ठरवण्याआधी पंचांग बघा आणि घरी बोलून घ्या.

आधी दवाखाना

रक्तदाब, साखर, दमा, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारायचं हे सगळ्यांनाच माहीत असतं. विदर्भातल्या माणसाने त्याच्या जोडीला एक तपासणी नक्की करून घ्यावी, ती म्हणजे सिकलसेल. आपल्या भागात हा आजार आणि त्याचे वाहक मोठ्या प्रमाणात आहेत. वाहक माणूस एरवी धडधाकट असतो, पळतो, पोहतो, त्याला काही जाणवत नाही. पण ऑक्सिजन कमी झाला की त्याच्याही तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकू शकतात आणि प्लीहेचा रक्तपुरवठा अडतो. उंचीवर डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र दुखायला लागलं तर वाहकाने ते गॅसवर ढकलू नये, लगेच खाली उतरावं. आजारच असेल तर ही सहल करू नये. वाहक असाल तर रक्तविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत ही तपासणी होते. प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली तर पुढची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करून वाहक की आजारी ते पक्कं करा. त्याच वेळी हिमोग्लोबिनही बघून घ्या. रक्त कमी असेल तर उंचीवर दम दुप्पट लागतो, आणि दोन महिने हातात असताना ते भरून काढता येतं.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, डॉक्टरांच्या सल्ल्याने. नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, लेहला पोहोचण्याच्या आदल्या दिवसापासून सुरू आणि पोहोचल्यावर दोन दिवस. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर तसं आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वारंवार होते, सोड्याची चव पचपचीत लागते. हे अपेक्षित आहे. एक गोळी नागपुरातच सुट्टीच्या दिवशी घेऊन बघावी, म्हणजे काही उलटं झालं तर घरी होईल. गोळीमुळे शरीर लवकर जुळवून घेतं, पण गोळी घेतली म्हणून आरामाचे दिवस कापता येत नाहीत.

नागपुरातला सराव

नागपूर सपाट आहे हीच मुख्य अडचण. सेमिनरी हिल्सचा चढ दोन-चार मिनिटांत संपतो आणि खारदुंग लाचा चढ सहा-सात तास चालतो. सपाटीवर हा सराव करायचा तर वेग वाढवून उपयोग नाही, न थांबता पायडल मारायची सवय लावावी लागते. काटोल रोड किंवा अमरावती रोडला पहाटे पाचला निघून ६० ते ८० किलोमीटर, आठवड्यातून एकदा, मध्ये उतार आला तरी पाय न थांबवता. समोरून वारा असेल त्या दिवशी जड गिअर न घेता हलका गिअर घ्या आणि मिनिटाला ७० ते ८० फेऱ्या ठेवा. बोलताना वाक्य पूर्ण करता आलं पाहिजे, तेवढाच जोर.

आठवड्यातून दोन दिवस पायऱ्या. पाठीवर आधी ४ किलो, शेवटी ९ किलो. रामटेकचा गड यासाठी चांगला आहे, आणि शहरात दहा मजली इमारतीचा जिना चालतो. चढण्याइतकाच उतरण्याचा सराव करा. मारखा खोऱ्याच्या शेवटची कोंगमारू ला ही खिंड पार केल्यावर एकाच दिवसात सुमारे १,५०० मीटर उतरावं लागतं आणि गुडघे तिथे बोलतात, चढावर नाही.

निघण्याआधी महिनाभर दोन शनिवार-रविवार खऱ्या घाटासाठी राखून ठेवा. परतवाड्याहून चिखलदऱ्याला सायकलने चढणं हा विदर्भातला चांगला लांब चढ. गाविलगडच्या डोंगरात धुकं असतं, त्यामुळे मागचा लाल दिवा लावूनच. दुसरा शनिवार-रविवार पचमढीला: पहिल्या दिवशी धूपगड, १,३५२ मीटर, सायकलने, दुसऱ्या दिवशी चौरागड पायी, तेराशेच्या आसपास पायऱ्या, पूर्ण वजनाची सॅक घेऊन. नागद्वारीची यात्रा पायी केलेल्या माणसांना ओल्या खडकावरून उतरताना पाय कसा टाकायचा हे शिकवावं लागत नाही. तुमच्या गटात असा कोणी असेल तर त्याच्यामागे चाला.

एक गोष्ट मात्र सरावाने येत नाही. कितीही दमसास कमावला तरी उंचीचा त्रास टळत नाही. उलट धडधाकट तरुणांनाच तो जास्त गाठतो, कारण ते पहिल्याच दिवशी लेहच्या शांतिस्तूपाच्या पायऱ्या पळत चढतात.

सायकल न्यायची की तिथे घ्यायची

विमानात साधारण १५ किलो सामान फुकट जातं. हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली) माउंटन सायकलच १३ ते १४ किलो भरते, खोकं आणखी ४ किलो. जास्तीच्या वजनाचं भाडं, दिल्लीत एक मुक्काम, लेहमध्ये खोकं सांभाळणं हा सगळा हिशेब केला तर पाच दिवसांच्या सायकलिंगसाठी लेहमध्ये भाड्याने घेणं बहुतेकांना परवडतं. उंची फार कमी किंवा फार जास्त असेल, किंवा पाठीच्या दुखण्यामुळे मापात बसवलेलीच सायकल लागत असेल, तर आपली न्यावी.

भाड्याची सायकल घेताना दुकानात अर्धा तास द्या. चाक उचलून फिरवा, ब्रेक पॅडजवळ रिम किंवा डिस्क घासते का ते बघा. पॅड काढायला लावा: पत्र्यावरचा मसाला १ मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर नवे मागा, कारण खारदुंग लाच्या ३९ किलोमीटर उतारात ते संपतील. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, ढिला आहे. सगळ्यात हलक्या गिअरवर आणा आणि मागून बघा, चेन स्पोकला लागत नाही ना. चेन त्या गिअरला चढत नसेल तर ती सायकल घेऊ नका, सगळा प्रवास त्याच गिअरवर व्हायचा आहे.

गिअरचं गणित आधी समजून घ्या. पाच हजार मीटरवर शरीराची ताकद नागपूरच्या मानाने दोन-तृतीयांशाच्या आसपास येते आणि ५ टक्के चढावर वेग ताशी ५ ते ६ किलोमीटर उरतो. नागपुरात सर्रास दिसणाऱ्या हायब्रिड सायकलला पुढे २८ दातांचं आणि मागे ३२ दातांचं चक्र असतं. त्यावर मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ७ किलोमीटर होतो, म्हणजे तुमच्या ताकदीबाहेर. मग फेऱ्या ४५ वर येतात, गुडघ्यांवर भार येतो, धाप लागते आणि माणूस उतरून ढकलायला लागतो. पुढे ३२ आणि मागे ५१ असेल तर तेवढ्याच ६० फेऱ्यांना वेग ५ किलोमीटर पडतो आणि बसून चढता येतं. आपली हायब्रिडच न्यायची असेल तर मागची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) ३४ किंवा ३६ दातांची बसवून घ्या. त्यासाठी डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) बदलावा लागतो का, चेन दोन-तीन कड्यांनी वाढवावी लागते का, हे मेकॅनिककडून बसवतानाच करून घ्या. टायर किमान ४० मिलिमीटर रुंद.

आपली सायकल पॅक करताना: नव्या सायकलीचं रिकामं खोकं दुकानात मागितलं की मिळतं. पायडल काढताना डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतं. चुकीच्या दिशेने जोर लावला की आटे जातात. मागचा डिरेलर फ्रेमवरून सोडून, फडक्यात गुंडाळून, चेनसकट फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधा. प्रवासात सगळ्यात जास्त वाकतं ते डिरेलरचं हँगर (डिरेलर फ्रेमला ज्यावर बसतो तो तुकडा), आणि ते सायकलीगणिक वेगळं असतं, लेहमध्ये मिळेलच असं नाही. एक जादा हँगर घेऊनच निघा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या फटीत प्लास्टिकची पट्टी किंवा जाड पुठ्ठा घाला. नाहीतर खोक्यात लिव्हर दाबला जातो, पॅड एकमेकांना चिकटतात आणि लेहमध्ये चाक आत जातच नाही. टायरमधली हवा कमी करा. पंक्चरचं सोल्यूशन आणि चेनचं तेल न्यायचं का ते विमान कंपनीला विचारा. गॅसचं डबडं, लायटर, हवेची कार्बन डायऑक्साइड कारतूस घरीच ठेवा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

सोबत हवं ते: दोन ट्यूब, पॅचचा संच, टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा तीन बोटं रुंद तुकडा, चेनचा जोडदुवा, चेन तोडायचं हत्यार असलेला मल्टीटूल, ब्रेक पॅडच्या दोन जोड्या, गिअरची एक केबल, आपल्या चाकाच्या मापाचे तीन स्पोक, छोटा पंप, झिप टाय. तेल कोरड्या हवामानाचं घ्या. ओलसर तेलावर लडाखची धूळ बसते आणि दोन दिवसांत चेन करकरायला लागते. हवेबद्दल एक बारीक गोष्ट: बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे नागपुरात भरलेला टायर लेहमध्ये सुमारे ५ पीएसआय आणि खारदुंग लावर ६-७ पीएसआय जास्त कडक लागतो. खडबडीत रस्त्यावर ते हाताला जाणवतं, म्हणून लेहमध्ये बोटाने दाबून थोडी हवा सोडा.

लेहला पोहोचणं

लेहची विमानं सकाळी लवकर असतात. नागपूरहून रात्रीचं विमान, दिल्ली विमानतळावर जागरण आणि पहाटे लेह, हा बेत स्वस्त दिसतो पण तोच सगळ्यात वाईट. झोप न झालेलं, पाणी कमी पडलेलं शरीर उंचीला लवकर हार मानतं. एक दिवस आधी दिल्लीला पोहोचा, रेल्वेने गेलात तरी चालेल, आणि रात्रभर झोपा.

रस्त्याने जायचं असेल तर श्रीनगर–कारगिल–लेह. उंची हळूहळू वाढते: श्रीनगर १,५८५ मीटर, कारगिल २,६७६, मग लेह. मनालीकडून गेलं की बऱ्याच गाड्या रात्री सरचूला थांबतात. सरचू ४,२९० मीटरवर आहे आणि मनाली २,०५० वर; एका दिवसात एवढ्या उंचीवर झोपल्यामुळे कित्येकांची सहल तिथेच संपते. मनालीहूनच जायचं असेल तर केलाँग किंवा जिस्पाला दोन रात्री काढा आणि तिथून पहाटे निघून त्याच दिवशी लेह गाठा.

मोबाइल पोस्टपेड असावा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. रोख पैसे लेहमध्येच काढून घ्या, मारखा खोऱ्यात एटीएम नाही. पर्यावरण शुल्क, हेमिस राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क आणि खारदुंग लासाठी लागणारी कागदपत्रं यांचे नियम बदलत राहतात, म्हणून पहिल्या आरामाच्या दिवशीच मुक्कामाच्या मालकाला विचारून ते काम उरकून टाका.

पहिले दोन दिवस

काही करू नका. खोलीत पडून राहा, खाली अंगणात बसा, संध्याकाळी बाजारात रेंगाळत एक फेरी. जिना चढताना मध्ये थांबा. पहिल्या दिवशी गरम पाण्याची लांब अंघोळ नको, दारू आणि झोपेच्या गोळ्या अजिबात नकोत.

नागपूरचा माणूस तहान लागली की पाणी पितो, कारण आपल्याकडे ऊन ती आठवण करून देतं. लेहमध्ये घाम अंगावरच वाळतो, तहान लागत नाही आणि श्वासावाटे पाणी जात राहतं. दिवसभरात ३ ते ४ लिटर, त्यातलं एक लिटर ओआरएस घातलेलं. लघवी पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. त्याहून जास्त मात्र ढोसू नका, अंगातलं मीठ उतरतं.

रोज सकाळी आणि संध्याकाळी गटातल्या प्रत्येकाला चार प्रश्न विचारा: डोकं दुखतंय का, भूक आहे का किंवा मळमळतंय का, नेहमीपेक्षा जास्त थकवा आहे का, गरगरतंय का. डोकेदुखी आणि बाकीच्यांपैकी एक असेल तर तो उंचीचा त्रास समजा. त्या दिवशी वर जायचं नाही. वाढत असेल तर खाली. सरळ रेषेवर टाचेला पंजा लावत दहा पावलं चालायला सांगा; तोल गेला किंवा माणूस बरळत असेल तर मेंदूला सूज आहे. बसल्या जागी धाप, ओला खोकला, ओठ निळसर, फेसाळ थुंकी, ही फुप्फुसात पाणी भरल्याची खूण. दोन्हींत रात्र असली तरी लगेच खाली न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर न्या, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. लेहमध्ये ८५ ते ९० आकडा दिसणं नेहमीचं आहे. बोट गार असलं की तो खोटंच कमी दाखवतो. हात चोळून, मिनिटभर बसून मग मोजा. एका आकड्यापेक्षा रोजचा कल बघा. इतरांचा वाढतोय आणि एकाचाच उतरतोय, तर त्या माणसाकडे लक्ष ठेवा.

सायकलचे तीन दिवस

तिसऱ्या दिवशी शे आणि ठिकसे गोंपा (बौद्ध मठ), जाऊन-येऊन ३८ किलोमीटर. जाताना चोगलमसरपर्यंत उतार आहे आणि मग सपाटी, म्हणून सगळे जोरात निघतात. तोच उतार परतताना शेवटच्या आठ किलोमीटरला चढ होऊन येतो, तोही दुपारी, वारा सुटल्यावर. सकाळी सातला निघा, बाराच्या आत परत या. शेवटचा चढ जड गेला तर चौथा दिवस पुन्हा आरामाचा करा. राखीव दिवस त्यासाठीच आहे.

चौथ्या दिवशी लेह ते निम्मू, ३५ किलोमीटर. विमानतळावरून पुढे लष्कराची वाहनं आणि पर्यटकांच्या गाड्या सतत असतात, म्हणून एकामागे एक आणि भडक रंगाचं जॅकेट. निम्मूच्या अलीकडे सिंधू आणि झंस्कारचा संगम वरून दिसतो. निम्मू ३,१५० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा खाली आहे. पहिल्या खऱ्या श्रमाच्या दिवशी खाली झोपायला मिळतं, म्हणूनच हा मार्ग निवडला आहे.

पाचव्या दिवशी झंस्कारच्या काठाने चिलिंग, २८ किलोमीटर. रस्ता दरीत आहे, सुटे दगड घसरतात. दगड पडलेले दिसले तर तिथे फोटोला थांबू नका, वर बघत पार व्हा. चिलिंगला तांबे-पितळेचं काम करणाऱ्या कारागिरांची जुनी वस्ती आहे. संध्याकाळ तिथे घालवा. सायकली परत लेहला पाठवायची सोय आधीच करून ठेवा. टॅक्सीवाल्याला लेहमध्ये ठरवून त्याच्या छताला बांधायला जुनी ट्यूब आणि दोर द्या. नुसत्या दोराने बांधलेल्या फ्रेमचा रंग आणि केबल दोन्ही जातात.

मारखा खोरं

सहावा दिवस: चिलिंगहून झंस्कार ओलांडून स्कियू, थोडंच चालणं. गाडीरस्ता स्कियूच्या पुढे सरकत चालला आहे, त्यामुळे सुरुवातीचा भाग धुळीचा आहे. सातवा: स्कियू ते मारखा, वीस किलोमीटरच्या वर, आठ तास धरा. आठवा: मारखा ते हंकार, छोटा दिवस. गावांत होमस्टे आहेत. रजया, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि दुपारचा डबा मिळतो. थुक्पा (नूडल्सचं सूप), तिमोक (वाफवलेला पाव), भाजी, डाळभात. संडास लाकडी फळीचे, कोरड्या मातीचे. वापर झाला की फावडंभर माती टाकायची आणि त्यात प्लास्टिक टाकायचं नाही, कारण ते पुढे शेतात जातं.

सगळ्यात जास्त चूक होते ती हंकारच्या पुढे. हंकार ४,००० मीटरच्या आसपास आणि निमालिंग ४,७०० च्या वर. पायात ताकद असते, अंतर फक्त १२-१३ किलोमीटर दिसतं, आणि लोक एका दिवसात निमालिंग गाठतात. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा नियम इथे मोडतो. रात्री डोकं फुटायला लागतं, आणि निमालिंगहून लवकर खाली जायला रस्ता नाही: पुढे ५,२०० मीटरची खिंड, मागे लांब दरी. म्हणून नववा मुक्काम थाचुंगत्सेला करा, ४,२५० मीटरच्या आसपास. तिथे तंबू लागले आहेत का ते मारखा गावातच विचारा. नसतील तर हंकारलाच दोन रात्री काढा, दिवसा तीनशे-चारशे मीटर वर चढून परत या, आणि मग निमालिंग.

नदी मारखा गावाच्या आधी आणि नंतर ओलांडावी लागते. सकाळी पाणी पोटरीपर्यंत असतं, दुपारी तीनला मांडीला लागतं, कारण दिवसभराचं वितळलेलं बर्फ तोवर खाली येतं. बूट काढून जुन्या सँडल घाला, अनवाणी नको. सॅकचा कमरपट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती अंगावरून निघेल. काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेका आणि तोंड तिकडेच ठेवून तिरपे चाला.

निमालिंगला कांग यात्सेचं ६,४०० मीटरचं शिखर समोर असतं आणि रात्री पारा शून्याखाली जातो. मोबाइल आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या झोपायच्या पिशवीत घ्या. पाणी इथे ८४-८५ अंशांलाच उकळतं. स्वतः शिजवणार असाल तर कुकर लागेल. नुसत्या भांड्यात डाळ तासभर ठेवली तरी दाताखाली कच्चीच येते. भूक मेलेली असते, म्हणून ताकद देणारं काही घेण्यापेक्षा तुम्हाला आवडणारंच घ्या. संत्रा बर्फी थंडीत छान टिकते आणि ४,७०० मीटरवर जेवण नको म्हणणारा माणूससुद्धा तिचे दोन तुकडे खातो. खजूर, गूळ-शेंगदाणे, सत्तू. दिवसाला माणशी २५० ग्रॅम पुरतं.

अकराव्या दिवशी पहाटे सहाला निघा. कोंगमारू ला दोन-तीन तासांत, मग शंग सुमदोकडे उतार. वाट अरुंद घळीतून जाते, ओढा कितीतरी वेळा ओलांडावा लागतो. गाडी चोगदो किंवा शंग सुमदोला बोलावून ठेवा, वेळ आणि ठिकाण लेहमध्येच पक्कं करून, कारण वाटेत फोन लागत नाही.

पाठीवर ८ ते ९ किलोच्या वर जाऊ देऊ नका: फुलपँट दोन, घाम वाळणारे शर्ट तीन, लोकरी थर एक, पिसांचं जॅकेट, वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, हातमोज्यांच्या दोन जोड्या, कानटोपी, मोजे चार जोड्या, झोपायची पिशवी, काळा चष्मा, सनस्क्रीन, औषधं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. अतिनील किरणं दर हजार मीटरला सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, म्हणून नाकाच्या खालच्या बाजूलाही सनस्क्रीन लावा. स्थानिक वाटाड्या घ्या. नदी कुठे ओलांडायची हे दरवर्षी बदलतं.

खारदुंग ला

बाराव्या दिवशी झोप. तेराव्या दिवशी पहाटे साडेपाचला लेह सोडा. ३९ किलोमीटर, १,८५० मीटर चढ. पाटीवर बरीच वर्षं ५,६०२ मीटर ही उंची असायची, पण जीपीएसवर ५,३५९ च्या आसपास भरतं, आणि तेही भरपूर आहे. साउथ पुल्लू २४ किलोमीटरवर. तिथे चहा, वीस मिनिटं बसून, ते चार प्रश्न एकमेकांना विचारून मगच पुढे. त्यापुढे रस्ता फुटका आहे आणि दुपारी वितळलेलं पाणी त्यावरून वाहतं. दर अर्ध्या तासाला दोन घोट पाणी आणि एक घास काहीतरी.

दुपारी एक वाजला की जिथे असाल तिथून वळा. खिंड ५ किलोमीटरवर दिसत असली तरी वळा. त्या उंचीवर ५ किलोमीटर म्हणजे एक तास, आणि मग संध्याकाळच्या थंडीत ओल्या रस्त्यावरून उतार. वर पोहोचलात तर अर्ध्या तासाच्या आत खाली निघा. निघण्याआधी घामाचा शर्ट बदला, वारा अडवणारं जॅकेट आणि जाड हातमोजे चढवा. गारठलेल्या बोटांनी ब्रेक दाबला जात नाही. ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही एकत्र जोराने दाबा, वेग उतरला की सोडा. पाच-सहा किलोमीटरला एकदा थांबून डिस्क निवू द्या, हात लावू नका. कागद जळाल्यासारखा वास आला किंवा लिव्हर हँडलपर्यंत जायला लागला तर दहा मिनिटं थांबणं भाग आहे.

लेहमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडीने वर नेऊन सायकलने खाली सोडायची सोय मिळते. उताराचीच हौस असेल तर ती घ्या, पण तेराव्या दिवशी. दुसऱ्या दिवशी गाडीतून तासा-दीड तासात ५,३५९ मीटरवर जाणं हाच तो चुकलेला क्रम.

सुट्टी कमी असेल तर मारखाऐवजी शाम खोरं घ्या. निम्मूहून बास्गोमार्गे लिकिरपर्यंत सायकल, मग तीन दिवस पायी: लिकिर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम. वाट ४,००० मीटरच्या खालीच राहते, रोज गावात मुक्काम, तंबू लागत नाही. लेहला परतून एक दिवस आराम आणि मग खारदुंग ला. असं १२ दिवसांत बसतं. पहिल्यांदाच हिमालयात जाणाऱ्यांना आम्ही हेच सांगू.

राखीव दिवस आधी वापरावा लागला नाही तर तो शेवटी हातात राहतो. हवा बिघडली की लेहची उड्डाणं सलग रद्द होतात, म्हणून दिल्ली–नागपूरचं तिकीट त्याच दिवशीचं काढू नका. राखीव दिवस उरला आणि हवा चांगली निघाली तर त्या दिवशी हेमिस गोंपाला सायकलने जा, ४५ किलोमीटर, परतीला गाडी.